सीतादहीचा कापूस आणि माझा आकडा

मित्रांनो, अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात, काचेच्या कपाटात बसलेला मी एक जुना दाबमापक आहे. हवेचा दाब मोजणं हे माझं काम. मला जिथे बसवाल तिथलीच हवा मी मोजतो, दुसरीकडची मला कळत नाही. एवढं कुणी ध्यानात घेतलं असतं, तर माझ्यावर भंगारात जायची पाळी आली नसती.

विद्यार्थ्यांच्या अग्निबाणात, टोकाजवळच्या उपकरणांच्या डब्यात मला बसवलं ते रागिणीनं. ती बार्शीटाकळीची, शेतकऱ्याची मुलगी. त्याच सुमारास तिच्या घरी सीतादही झालं. कापूस वेचायला लागण्याआधी शेतात पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, मगच पहिलं बोंड हाती घेतात. तो पहिला कापूस तिचे वडील गोवर्धन फडक्यात बांधून घेऊन आले.

"आपल्या वावरातला कापूस आभायात जाऊ दे," ते म्हणाले.

रागिणीला नाही म्हणवेना. मला धक्के बसू नयेत म्हणून तिनं तो माझ्याभोवती कोंबला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

अग्निबाण उडाला. वर हवा विरळ होत गेली, तसा माझा आकडाही खाली यायला हवा होता. पण कापसात अडकलेली हवा सुटत होती, त्याच्या ओलीची वाफ होत होती आणि ते सगळं डब्यात माझ्याभोवतीच घोटाळत होतं. मी त्याचाच दाब सांगत राहिलो. हवाई छत्रीला लटकत डबा खाली आला, तेव्हा माझे आकडे बघून विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या धर्मपाल सरांनी कपाळाला हात लावला. हा कामातून गेला, पुढच्या खेपेला नवा घेऊ, असं म्हणून त्यांनी मला भंगाराच्या खोक्यात टाकलं.

रागिणीला कापसाचा संशय आला होता. पण तो खरा निघाला तर बाबांना सांगावं लागणार, आणि ते तिच्या जिवावर आलं होतं. काही दिवस ती त्या खोक्याकडे बघायचंच टाळत होती. मला तिचा राग आला. शेवटी तिनंच मला उचललं, पुन्हा त्याच डब्यात तो कापूस कोंबून काचेच्या हंडीखाली ठेवलं आणि पंपानं आतली हवा उपसली. कापसासकट माझा आकडा रेंगाळला. कापूस काढल्यावर झरझर उतरला. मी सुटलो, आणि ती मात्र डोळे पुसत बसली.

गोवर्धन आले तेव्हा तिनं मान खाली घालून सगळं सांगितलं. ते बराच वेळ तो कापूस बोटांनी चाचपत राहिले. बाबा दुखावले, असंच तिला वाटलं.

"दवातला होता वं तो, पोरी," ते म्हणाले. "ओला कापूस काट्यावर जास्तच भरते. म्हून काय आपन काट्याले खोटं म्हनतो?"

पुढच्या उड्डाणाला मीच गेलो, कापसाशिवाय. आकडा उतरायचा तेवढा उतरला. आता माझं वय झालं आहे. कपाटात शेजारी तो कापूस ठेवला आहे, चांगला वाळलेला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना धुळीपासून जपाच. पण आमचं सांगणं पटलं नाही, तर फेकून देण्याआधी आमच्याभोवती तुम्हीच काय कोंबलं आहे, तेवढं एकदा काढून बघा.