चार दरवाजांची स्कूटर

बबनरावांच्या गॅरेजात कॉम्प्युटर आला आणि अण्णाजींना जुनी गाडी घ्यायची हिंमत आली. तोवर ते कुठल्याच जुन्या गाडीच्या वाटेला गेले नव्हते. विकणारा थापा मारतो आणि मिस्त्री त्याला सामील असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. बोरगाव मेघेतल्या आपल्या हार्डवेअरच्या दुकानात ते स्वतः गिऱ्हाइकांशी ज्या तऱ्हेनं बोलत, त्यावरून हे मत बनलं असावं, असं त्यांच्या मुलीला, आचलला, वाटे. पण कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल? त्याला ना मेहुणा, ना कमिशन.

आचल त्याच वर्षी फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली होती. पुलगावच्या एका कॉलेजात तिला शिकवायची नोकरी मिळाली होती, आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं. अण्णाजींची अट एकच. पोरगी एसटीच्या दांड्याला लोंबकळत जाणार नाही, आणि घरच्या स्कूटरवर तर मुळीच नाही.

"दोन चाकाईचा काय भरोसा? दारात गाडी अन् ड्रायव्हर उभा राह्यला तं जाजो. नाईतं घरी बस."

म्हणजे शनिवारी गाडी पसंत पडली नाही, तर नोकरी गेलीच.

शनिवारी बापलेक त्याच बेभरवशाच्या स्कूटरवर बसून बबनरावांकडे गेले. धीरज नावाचा गाडी विकणारा आपली पांढरी गाडी घेऊन आधीच हजर होता. गाडी दहा वर्षांची, पण टायरांना काळं पॉलिश आणि आत अगरबत्तीचा वास.

कॉम्प्युटर काचेच्या खोलीत होता. खोलीबाहेर चपला काढायच्या. गॅरेजभर ऑइल सांडलेलं, बबनरावांचे हात कोपरापर्यंत काळे. पण खोलीत जाताना तेही अनवाणी होत. मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. काचेला पाडलेल्या भोकातून एक वायर बाहेर येई आणि तिच्या टोकाला दोन चिमटे होते, एक लाल आणि एक काळा. बबनरावांनी ते बॅटरीला लावले, हात जोडले आणि बटण दाबलं.

आचलनं बोनेटखाली आधीच डोकावून पाहिलं होतं. इंजिन जुन्या पद्धतीचं, कार्बुरेटरचं. नव्या गाड्यांत इंजिनाची खबर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी असते; कॉम्प्युटर तिला विचारतो आणि ती सांगते. या गाडीत ती पेटीच नव्हती. मुक्याची साक्ष काढायला वकील यावा आणि साक्ष झालीही म्हणून सांगावं, तसा हा प्रकार होता.

बबनराव पडद्यावरचं वाचू लागले. "इंजिन, ओके. गेअर, ओके. एसी, ओके. एअरबॅग, ओके. चारही दरवाजे, ओके."

प्रत्येक ओकेला अण्णाजी सत्यनारायणाची कथा ऐकल्यासारखी मान डोलवत होते.

"काका, या गाडीत एसी कुठं हाय?" आचलनं विचारलं.

बबनराव जराही गडबडले नाहीत. "नाई तं नाई. बसवला तं चालन, असं म्हणून राह्यला तो."

"अन् एअरबॅग?"

"ते आतमंदी राह्यते, बाई. अपघात झाल्याशिवाय दिसत नाई."

धीरज हसला. अण्णाजीही हसले. "पोरगी शिकली नं, म्हणून इचारून राह्यली."

गप्प राहणं आचलच्या सोयीचं होतं. मान हलवली की सोमवारी पुलगाव. पण तिथं जाऊन पोरांना ती शिकवणार काय होती? मोजलेलं तेवढंच खरं मानायचं, हेच ना?

"काका, आमची स्कूटर तपासता का?"

"काऊन? माह्या स्कूटरले काय झालं?" अण्णाजी म्हणाले.

"पाहू द्या नं, बाबा. का यांच्या कॉम्प्युटरले स्कूटर समजत नाई?"

"आमच्या कॉम्प्युटरले सगळं समजते," बबनराव म्हणाले आणि तिथंच फसले. त्यांनी चिमटे स्कूटरच्या बॅटरीला लावले, अनवाणी आत गेले आणि वाचू लागले. "इंजिन, ओके. एसी, ओके. एअरबॅग, ओके. चारही..."

त्यांचा आवाज खाली गेला.

"मोठ्यानं वाचा नं, काका."

"दरवाजे," बबनराव पुटपुटले. "ओके."

धीरजला एकाएकी गाडीचा आरसा पुसायची आठवण झाली. अण्णाजी स्कूटरकडे पाहत राहिले. कॉम्प्युटर खोटा, हे कबूल करायला एक वाक्य पुरलं असतं. पण हिंगणघाटच्या साळ्याला त्यांनी सकाळीच फोन करून सांगितलं होतं, कॉम्प्युटरनं पास केलेली गाडी घेऊन राह्यलो म्हणून.

"बरोबरच तं सांगून राह्यला," ते शेवटी म्हणाले. "स्कूटर टकाटक हाय माही."

आचलला कीव आली आणि रागही आला. मग तिनं दोन्ही गिळून टाकलं.

"म्हणजे कॉम्प्युटर खरा?"

"खराच! शंभर टक्के."

"मग या स्कूटरले एअरबॅग हाय, चार दरवाजे हायत. सोमवारी मी हिच्यावरच जातो पुलगावले. का हा खोटा हाय? तसं असन तं गाडी राहू द्या."

धीरज, बबनराव, गॅरेजातली गिऱ्हाइकं, सगळे अण्णाजींकडे पाहत होते. त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढून तिच्या हातात आपटली आणि गाडीचा सौदा पक्का केला.

सोमवारी सकाळी आचलच्या आईनं, प्रमिलाबाईंनी, नव्या गाडीला हळदकुंकू लावून चारही चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी पुढं नेऊन लिंबं चिरडली की मुहूर्त झाला. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि बंद पडली. आचल डबा घेऊन बाहेर आली तेव्हा अण्णाजी धोतर खोचून मागून ढकलत होते, आणि लिंबं तशीच्या तशी, टवटवीत होती.

तिनं स्कूटर सुरू केली.

"हळू जाजो, आचल!" अण्णाजी धापा टाकत ओरडले. "दोन चाकाची गाडी हाय!"

"दरवाजे लावून घेतले, बाबा," ती म्हणाली आणि पुलगावच्या रस्त्याला लागली.