नालबंद पाय धुतो

धाकट्या भावानं थोरल्याला भर बाजारात चोर म्हटलं, तेव्हा त्या आवाजानं तीन गल्ल्यांतल्या कोंबड्या आठवडाभर अंडी घालायच्या विसरल्या. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा.

धाकटा म्हणजे नालबंद, घोड्यांच्या खुरांना नाल ठोकणारा. त्यानं नुसते डोळे वटारले की घोडं आपणहून खूर वर करी. त्याची घोडी गोठ्यातून गायब झाली आणि आळ घेतला लाकूडतोड्या थोरल्यावर. दुसऱ्याच दिवशी घोडी ओढ्यापलीकडं मजेत चरताना सापडली. नालबंदानं ती मुकाट घरी आणली. माफीचा शब्द मात्र गिळून टाकला.

थोरला एवढंच म्हणाला, "पुन्हा माझ्या हाताच्या अंतरावर आलास, तर मानेवर डोकं राहायचं नाही."

आणि तो बोललेलं फिरवणाऱ्यांतला नव्हता.

त्या दिवशी चर्चमध्ये प्रभूच्या आठवणीनं ज्यानं त्यानं समोर बसणाऱ्याचे पाय धुवायचे होते, म्हणून नालबंदानं मुद्दाम अंधाऱ्या कोपऱ्यातला बाक धरला. समोर एखादी म्हातारी येईल, परातीत दोन तांबे ओतू, सुटलो. पण दार करकरलं. थोरला रानातून थेट आला. खांद्यावर कुऱ्हाड. सगळे बाक सोडून तो नेमका नालबंदासमोर बसला, कुऱ्हाड मांडीवर आडवी ठेवली आणि चिखलानं भरलेले पाय पुढं केले.

नालबंदानं कंबर धरली.

"पाळकबाबा, माझ्या पाठीत चमक भरलीय हो."

"घोड्यांपुढं नाही भरत ती?" पाळक हळूच म्हणाले. "प्रभू चेल्यांपुढं वाकला. तुला तर सख्ख्या भावापुढं वाकायचंय."

"त्या चेल्यांकडं कुऱ्हाड नव्हती!"

चर्चमध्ये खसखस पिकली. थोरला हसला नाही.

नालबंद गुडघ्यांवर बसला. मान आपोआप खाली गेली आणि मानेवरचा केस न् केस ताठ झाला. वर बघायची छाती होईना. घाबरलेला माणूस सवयीनं वागतो; हा उठला, थोरल्याकडं पाठ फिरवली आणि त्याचा पाय उचलून घोड्याच्या खुरासारखा आपल्या दोन गुडघ्यांत घट्ट धरला!

"अरे, मी काय तट्टू आहे?" मागून आवाज आला.

आता पाठीमागचं काहीच दिसत नव्हतं. दिसत होती फक्त टाच, भेगाळलेली, आणि तिच्यात रुतलेली लाकडाची काळी कपची. भोवती पू धरला होता. या पायावर हा माणूस रोज रानात जात होता?

त्यानं पाणी ओतलं. चिखल हळुवार पुसला. मग नखांनी कपची धरून उपसून काढली.

थोरल्यानं अशी लाथ झाडली की नालबंद परातीत बसला. पाणी पार वेदीपर्यंत गेलं. कुऱ्हाड खणकन फरशीवर पडली. थोरला वाकला आणि त्यानं ती उचलली.



पळायला दार होतं. नालबंद उठला नाही. ओल्या फरशीवर तसाच गुडघ्यांवर आला, आणि ज्या गळ्यानं बाजार हादरवला होता त्यातून जेमतेम आवाज निघाला, "दादा, तू चोर नव्हतास. दुसऱ्याच दिवशी कळलं होतं मला. बोललो नाही. चुकलं माझं."

थोरल्यानं त्याच्या उघड्या मानेकडं बघितलं. मग कुऱ्हाड त्यानं बाकाखाली सरकवली.

"परात भरून आण," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "दुसरा पाय राहिलाय."