काचेच्या नळीतला झारा

मी झारा बोलतोय. म्हणजे, झाराच असेन. हल्ली माझी मलाच खात्री वाटत नाही. मला दांडा नाही आणि माझ्या भोकांतून बुंदीऐवजी वारा जातो.

जन्म माझा डिलाईल रोडच्या चाळीतला. धोंडू गिरणीच्या बॉयलरवर कोळसा टाकायचा. पितळेच्या पत्र्याला खिळ्याने भोकं पाडून त्याने मला बहिणीसाठी, शांतासाठी घडवलं. अर्धा कोळसा न जळताच राखेत जातो आणि धूर आपल्या छातीत, असं तो ठोकताना कुरकुरत होता. मला त्यातलं काही कळलं नाही.

छप्पन सालच्या जानेवारीत धोंडू संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला गेला आणि गोळीबारात मेला. शांताने मला धुऊन खिळ्याला अडकवलं. मुंबईसह महाराष्ट्र झाला की याच झाऱ्याने बुंदी पाडीन, तोवर घरात लाडू नाही, असं ती म्हणाली. मीही वाट पाहत लटकत राहिलो.

तिचा नवरा गणपत एका प्रयोगशाळेत मिस्त्री. हा रिकामाच तर आहे, असं वाटून त्याने मला एक दिवस गुपचूप पिशवीत घातलं आणि खिळ्याला तसाच दुसरा झारा अडकवला. प्रयोगशाळेत माझा दांडा कापून मला एका जाड काचेच्या नळीत आडवं बसवलं. नळीत वाळू आणि कोळशाची पूड. खालून पंपाने वारा सोडला की वाळू चक्क उकळायची. विस्तव नाही, पाणी नाही, तरी रटरट! माझी मती गुंग झाली.

तिथले सर गणपतला सांगायचे की वाऱ्याचे मोठे बुडबुडे कोळशाला न शिवताच वर पळतात. वारा कणाकणाला भेटला तरच खऱ्या भट्टीत कोळसा पुरता जळेल. माझ्यावर आपटून ते बुडबुडे बारीक व्हायचे. सर खूश. बुंदी वरून खाली पडते, इथे सगळंच खालून वर. याला काम म्हणायचं की शिक्षा?

साठ साली महाराष्ट्र नक्की झाला. शांताने खिळ्याकडे पाहिलं आणि गणपतची मान खाली गेली. त्याने खरं सांगताच ती तडक प्रयोगशाळेत आली. मला पाहून आधी रडली, मग काचेला नाक लावून बघत राहिली. सर ओशाळून मला काढू लागले.

"ह्यो काढल्यावर कोळशाचा काय होतला?" तिने विचारलं.

"पूर्वीसारखंच. अर्धा राखेत."

तिने सरांना हातानेच थांबवलं. "माझो भाव धोंडू ह्याच बोलायचो. एक दिस न्हेतंय. मगे तुमकाच परत."

एक मेच्या दिवशी तिने मला सांडशीत धरून बुंदी पाडली. हात भाजला तरी थांबली नाही. पहिला लाडू धोंडूच्या फोटोपुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नळीत.

मी झारा की आणखी कोण, ते अजून कळत नाही. पण माझ्या एका भोकात बुंदीचा दाणा अडकलाय. तिथे बुडबुडा फुटत नाही, आणि सर चक्रावून गेलेत. कृपा करून त्यांना सांगू नका. तेवढा एक दाणा माझ्याजवळ राहू द्या.