बंद शेडमधला धूर

मित्रांनो, मी एक जुना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. गाडीच्या पोटाखाली, इंजिन आणि सायलेन्सरच्या मधे बसवलेला पत्र्याचा डबा. माझ्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी आहे. ती तापली, की इंजिनाचा विषारी धूर तिच्यातून जाताना बराचसा निवळतो.

माझे मालक जमिनीची मोजणी करत. लांबलांबचे रस्ते तुडवताना मी असा तापायचो, की काजळी अंगाला चिकटायचीच नाही. "गाडीचा श्वास बघ किती स्वच्छ आहे," असं ते बायकोला, म्हणजे आमच्या बाईंना, कौतुकानं सांगत.

एका हिवाळ्यात ते गेले. रोज थोडा वेळ गाडी चालू करत जा, म्हणजे बॅटरी उतरणार नाही, असं आजारपणात त्यांनी बजावलं होतं. बाईंनी ते व्रतासारखं पाळलं. दुपारी शेडमध्ये यायच्या, गारठा म्हणून दार लावून घ्यायच्या आणि त्यांच्या सीटवर बसून राहायच्या. गाडी जागची हलत नव्हती. इंजिनात ठिणगी पाडणारा एक प्लग खराब झाला होता. न जळलेलं पेट्रोल माझ्यावर येत राहिलं, जाळी काजळीनं बुजत गेली. माझ्याकडे कोण बघणार? निवळायचा तो धूर तसाच शेडमध्ये साचू लागला.

मग मागच्या सीटवर कुणीतरी मालकांसारखं खाकरू लागलं. निदान बाईंना तसं ऐकू येई. डोकं ठणकायचं, पण चेहरा उजळायचा. त्या आरशात बघून बोलायच्या, उत्तराची वाट बघायच्या. मला मात्र मागच्या सीटचं वजन कळत होतं मित्रांनो. तिथं कुणीही नव्हतं. माझ्यातून सुटलेल्या धुरानं होणारा तो भास होता, आणि मला हाक मारता येत नव्हती.

एका दुपारी त्यांची मान स्टिअरिंगवर कलली. नशीब, नणंद भेटायला आली होती. तिनं दार सताड उघडलं, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि त्यांना ओढत मोकळ्या हवेत नेलं. त्या वाचल्या.

मेकॅनिकनं प्लग बदलला. मी आतून वितळलेलो नाही, लांबच्या रस्त्यावर बराच वेळ पळवलं तर काजळी जळून जाईल, असं तो म्हणाला. दवाखान्यातून परतल्यावर काही दिवसांनी दोघी निघाल्या. मी पुन्हा रसरसून तापलो. साचलेलं सगळं जळून गेलं. बाई सारखा आरसा बघत होत्या.

"वन्सं, आता हे येत नाहीत हो," त्या म्हणाल्या.

नणंदेनं डोळे पुसले. "वहिनी, दादा असा तुमचा जीव घ्यायला आला नसता."

बाईंनी काच खाली केली.

मित्रांनो, बंद जागेत इंजिन कधीही चालू ठेवू नका. मी धडधाकट असलो तरीही नको. गाडी अडखळू लागली, तर वेळीच दाखवा. मी स्वच्छ झालो याचा मला आनंद आहे. पण त्या दिवशी बाईंच्या आयुष्यातून ते दुसऱ्यांदा गेले, आणि या वेळी ते माझ्यातून, जळालेल्या काजळीबरोबर गेले.