छबूच्या नावाची नळी

बायको छबूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा हिंमतराव कॉम्प्युटरवर अडकलेली विंडो बंद करत होते. साधा ताप म्हणून मुलगी गायत्री तिला सकाळीच दवाखान्यात घेऊन गेली होती. फोन ठेवून त्यांनी मशीनची वायर काढली, ती पाच महिने लावलीच नाही.

रनाळ्यात त्यांच्या घरामागे कोंबडीच्या पिलांची शेड होती, छबूबाईची. शाळेत कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाल्यावर हिंमतरावांनी तिच्यासाठी प्रोग्राम लिहायला घेतला होता. शेडमधलं यंत्र तापमान एका नळीत टाकणार, घरातली विंडो ते वाचून दाखवणार, आणि गारठा वाढला की विंडोतलं बटण दाबून शेडमधले बल्ब लावायचे. ही नळी म्हणजे दोन प्रोग्राममधली वाट. तिला फाइलसारखं नाव द्यावं लागतं. त्यांनी ‘छबू’ दिलं.

“लोके बायकोना नावनं घर बांधतस,” ती म्हणाली होती, “तुम्ही नळी बांधी.” मग आठवडाभर गल्लीत सगळ्यांना सांगत फिरली.

आता गायत्रीने तीनशे पिलं मागवली होती. “सोमवारले येतीन, नाना. गारठामा निम्मा मरतीन. तुमना प्रोग्राम चालू करा.”

वायर लागली. विंडोने एक आकडा दाखवला आणि ती थिजली. बटण दबेना.

“हाई काय करी ऱ्हायनं?” गायत्रीने विचारलं.

“नळीमा पुढला आकडा कधी येस, त्यानी वाट पाही ऱ्हायनं. तवलोंग बटनकडे ध्यान नही.”

“माय कधी उभी ऱ्हायनी का शेडमा? भाकरी थापता थापता तिना कान तठे ऱ्हाये.”

खरंच होतं. पिलांची चिवचिव बदलली की छबूबाई पिठाच्या हातांनीच उठायची. एरवी तिचं काम थांबत नसे. हिंमतराव स्वतःशीच हसले. वाट पाहणाऱ्या ओळी त्यांनी पुसल्या आणि नळी विंडोच्याच कामाला जोडली: माऊसची टिचकी आली तर ती बघ, नळीत काही आलं तर ते वाच, नाहीतर स्वस्थ बस.

सोमवारी पिलं आली. आकडा एकोणतीसवर उतरला; एवढ्याशा पिलांना बत्तीसच्या वर ऊब लागते. गायत्रीने बटण दाबलं, बल्ब लागले, आणि तीनशे पिवळे गोळे उजेडाखाली सरकले.

“नाना, छबू बोलनी.”

“ती चूप कधी बसनी?” म्हणत हिंमतराव डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

शेडमधलं यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं, की विंडो नळीला आपोआप जोडली जात नाही. ते काम अजून राहिलं आहे.