ओटार फाट्यावरून पुढे गेला

गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी हालवार्ड मागे फिरला आणि ओटार पुढे गेला. धरणाच्या तळ्याच्या वर हिवाळी वाटेला दोन फाटे फुटतात, त्या जागी. वारा पश्चिमेचा होता, पण फार नव्हता. खिंड अजून स्पष्ट दिसत होती.

दोघांत मिळून एक फावडे होते. ते ओटारने नेले.

ईस्टरच्या सुट्टीत अर्धा नॉर्वे डोंगरात असतो. हालवार्डचे शहरात औषधांचे दुकान आहे, ओटार शाळेत सुतारकाम शिकवतो. दोघे एकाच बाकावर बसून शिकलेले. हालवार्डची केबिन तळ्याच्या पूर्वेला, आणि दरवर्षी बेत एकच: स्कीवरून खिंड ओलांडायची, पलीकडच्या निवाऱ्यावर रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी परतायचे. ईस्टरला निवाऱ्यावरून कोणाला परत पाठवत नाहीत. खाट नसली तर जेवणघरात गादी मिळते.

यंदा हालवार्डचे बूट नवे होते. फाट्यापर्यंत पोचेतो डाव्या टाचेला फोड आला आणि फुटला. तो पाठपिशवीवर बसला.

"दाखव," ओटार म्हणाला.

"बघून काय करणारेस?"

"रंधा मारतो."

"गप रे. चल मागे. उद्या जाऊ."

"उद्या वादळ आहे. सकाळी रेडिओला कान लावून तूच बसला होतास."

"मग परवा जाऊ."

"आणि पुढच्या वाढदिवसाला दुसरी फळी?"

गेल्या वर्षी याच फाट्यावर ओटार मागे फिरला होता. खिंडीवरचा ढग त्याला आवडला नव्हता. तासाभरात ढग विरला, लख्ख ऊन पडले, आणि दोघांनी ती दुपार केबिनच्या पायरीवर संत्री सोलत काढली. नोव्हेंबरमध्ये ओटारची पन्नाशी झाली. गावच्या सभागृहात साठ माणसे होती. जेवण झाल्यावर हालवार्डने चमचा पेल्यावर वाजवला, उभा राहिला आणि भाषण केले. शेवटी कागदात गुंडाळलेली एक फळी काढून ओटारच्या हातात दिली. फळीवर तापल्या सळईने अक्षरे कोरली होती: 'वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही.' डोंगरात जाणाऱ्यांसाठीचा हा नियम तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. सभागृह पोट धरधरून हसले. ओटारही हसला.

त्यानंतर ओटार कुठून लवकर निघाला, दुकानात काही परत द्यायला गेला, चुकीच्या गल्लीतून गाडी मागे घेऊ लागला, की हालवार्ड म्हणे, "फिरलास का रे?"

"तुला अजून त्याची लाज वाटते की काय?" फाट्यावर हालवार्डने विचारले.

"लाज नाही वाटत. कंटाळा आलाय." ओटारने स्कीचे पट्टे पुन्हा आवळले. "तू जा, टाच सांभाळ. अंधाराच्या आत मी पलीकडे पोचतो. निवाऱ्यावरून फोन करतो."

"एकटा जाणार?"

"वाटेवर काटक्या रोवल्यात, एकीपासून दुसरी दिसते. आंधळासुद्धा जाईल."

"जा मग, शूरवीरा," हालवार्ड म्हणाला.

पुढे शोधपथकाने विचारले तेव्हा त्याने हेच शब्द सांगितले, आणि ते तसेच लिहून घेतले गेले.

रेडिओने वादळ शुक्रवारी दुपारी सांगितले होते. ते गुरुवारी संध्याकाळीच आले. हालवार्डने केबिनची दारे लावली, चूल पेटवली, टाचेला पट्टी बांधली. फोन वाजला नाही. लाकडाच्या खोपटामागे उभे राहिले तरच फोनला रेंज येते, म्हणून तो तिथे जाऊन उभा राहिला. अखेर त्यानेच निवाऱ्यावर फोन लावला. व्यवस्थापिकेने जेवणघरात ओटारचे नाव दोनदा पुकारले. कोणी उठले नाही.

हालवार्डने कळवल्यावर त्याच रात्री मदत पथकाच्या बर्फावर चालणाऱ्या स्कूटर झाडांची हद्द संपते तिथपर्यंत गेल्या. पुढे चालकाला स्वतःच्या गाडीचे टोक दिसेना. त्या परत आल्या.

शुक्रवारी सकाळी तो पुन्हा खोपटामागे उभा असताना ओटारच्या बायकोचा, ओसेचा, फोन आला.

"जेवलास का?" तिने आधी विचारले.

"बटाटे लावलेत."

"हालवार्ड, मला एक सांग. वादळ येतंय असं दिसलं तर तो मागे फिरेल ना?"

"फिरेल."

"तुला असं वाटतं?"

हालवार्डने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ती फळी आमच्या दारात आहे, कोटांच्या खुंट्यांवर," ओसे म्हणाली. "बूट काढताना रोज डोळ्यांसमोर येते. मी दोनदा काढून माळ्यावर टाकली. दोन्ही वेळा त्याने परत लावली. का रे बाबा, म्हटलं, तर म्हणाला, हालवार्ड आला आणि ती दिसली नाही तर त्याला आणखी एक गोष्ट मिळेल सांगायला."

"ओसे—"

"मी तुला दोष देत नाही. त्याने सांगितलं ते सांगते आहे. मी येते आहे तिकडे."

"रस्ता बंद आहे."

"मग उघडला की येते."

बटाटे शिजून फुटले होते. हालवार्डने ते मीठ घालून खाल्ले. चव लागली की नाही, हे त्याला नंतर सांगता आले नसते. त्याने ताट धुतले आणि ओटारचा कॉफीचा पेला उष्टाच ठेवला. मग तोही धुतला.

दुपारी स्कूटरवरून योरुन आली. दरीतल्या पथकाची ती प्रमुख, वय चाळिशीच्या आत. तिने ओले हातमोजे चुलीवर टांगले, टेबलावर नकाशा पसरला आणि विचारायला सुरुवात केली. ओटारची तब्येत कशी? औषधे कुठली? झोपायची पिशवी होती का? खायला काय होते? हालवार्डने एकेका शब्दात उत्तरे दिली. झोपायची पिशवी नव्हती, निवाऱ्यावर पांघरुणे मिळतात.

"बर्फात खड्डा खणता येतो त्यांना?"

"माझ्यापेक्षा चांगला."

"ठीक. आता नीट ऐका." तिने खिंडीवर बोट ठेवले. "उद्या सकाळी काही तास वारा पडेल, असा अंदाज आहे. माझ्याकडे दहा माणसं आणि दोन कुत्री आहेत. ईस्टरला सगळीकडेच लोक हरवतात, जास्त मिळणार नाहीत. खिंडीच्या दोन्ही बाजू एका वेळी धुंडाळता येणार नाहीत. पश्चिमेकडून सुरुवात करायची तर आज रात्रीच माणसं दरीतून वळसा घालून पलीकडे न्यायला हवीत. कोणती बाजू आधी घेऊ?"

"मला कसं कळणार?"

"डोंगर मला कळतो. माणूस तुम्हाला माहीत आहे. तुमचा मित्र मागे फिरणारा आहे का?"

हालवार्डने नकाशाकडे पाहिले. खिंडीच्या दोन्ही अंगांना समपातळीच्या रेषा सारख्याच दाट होत्या.

"नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"या वर्षी तर नाहीच."

योरुनने या उत्तराचा अर्थ विचारला नाही. तिने खिंडीच्या पश्चिमेला पेन्सिलीने एक वर्तुळ काढले, नकाशाची घडी घातली आणि हातमोजे ओलेच चढवून निघाली.

शनिवारी सकाळी वारा पडला. दहा माणसे आणि दोन कुत्री निवाऱ्याच्या बाजूने वर चढली. उतारावर काही मिळाले नाही. कपारींतही काही मिळाले नाही. वाटेतल्या दगडी आडोशाचे दार बर्फाने बुजलेले होते, ते कोणी उघडले नव्हते. दुपारनंतर पथक खिंडीवर पोचले.

खिंड ओलांडल्यावर थोड्या अंतरावर, पूर्वेच्या अंगाला, त्यांना माग दिसला. वादळ मोकळा बर्फ उडवून नेते आणि स्कीखाली दाबलेला तेवढाच मागे ठेवते. जिथे खाच असायची तिथे वरंबा उरतो. काठ्या टेकल्याच्या खुणाही भूछत्रांसारख्या वर उभ्या राहतात.

योरुनने वरूनच फोन केला. हालवार्ड खोपटामागे उभा होता.

"त्यांच्या काठ्या कशा होत्या?"

"काळ्या. बुधवारी एकीची टोकाजवळची चकती फुटली, तेव्हा माझ्या जुन्या काठीची बसवून दिली. मोठी आहे."

"कुठल्या हातातली?"

"उजव्या."

"थांबा जरा." ती कोणाशी तरी बोलली. कुत्रे भुंकले. "हालवार्ड, इथे शेजारी शेजारी दोन माग आहेत. एकात मोठी चकती उत्तरेला उठली आहे. पश्चिमेला जाणाऱ्याचा उजवा हात उत्तरेलाच असतो, तेव्हा तो जातानाचा माग. दुसऱ्यात ती दक्षिणेला आहे. स्की वळवल्याची जागासुद्धा दिसते."

"म्हणजे?"

"म्हणजे ते फिरले. खिंड ओलांडलीच नाही. तुमच्या बाजूला उतरत होते."

"कधी?"

"ते बर्फावरून कळत नाही. मी सगळ्यांना तिकडे वळवते आहे. पुन्हा ढग भरताहेत, फार वेळ मिळणार नाही."

हालवार्डने ओसेला फोन लावला. ती बंद रस्त्याच्या फाटकापाशी गाडीत बसली होती. तिच्यापुढे आणखी गाड्या होत्या.

"तो मागे फिरला होता," तो म्हणाला.

पलीकडे गाडीचे काच पुसणारे दांडे आवाज करत होते.

"मग तुम्ही दुसऱ्या बाजूला का शोधत होता?" ओसेने विचारले.

"मी सांगितलं म्हणून."

दांड्यांचा आवाज चालूच राहिला. थोड्या वेळाने रेंज गेली.

शनिवारी संध्याकाळी सहाला खिंडीवर पुन्हा काही दिसेनासे झाले. तोवर पथकाने पूर्वेच्या उताराचा वरचा एक तृतीयांश भाग तपासला होता. परतीचा माग काटक्यांच्या रांगेला धरून चारशे मीटर येतो. पाचव्या काटकीशी तो रांग सोडून डावीकडे, तळ्याच्या दिशेने वळतो, आणि तिथून पुढे बर्फ सपाट आहे.