चुणचुणायला लागलं की मला उघडा

मी पाच ग्रॅमची मलमाची ट्यूब बोलतेय. अंगानं करंगळीएवढी, पण मला कमी लेखू नका. ओठाच्या कडेला येणाऱ्या पाणीदार फोडांशी माझं जुनं वैर आहे. लोक त्यांना उष्णता म्हणतात, तापाचे फोड म्हणतात, कुणी झोपेत पाल फिरली असंही म्हणतं. पालीचा बिचारीचा काही संबंध नाही. हा एका विषाणूचा उद्योग.

माझा जन्म कारखान्यातला. शेपटीकडून मलम भरलं, शेपूट दाबून बंद केली, तिच्यावर तारीख ठोकली आणि झाले मी मोठी. बालपण वगैरे काही नाही. मग औषधांच्या दुकानात, कापसाच्या गुंडाळ्यांशेजारी सात महिने बसून काढले.

एके दिवशी ती आली. लग्नाला दोन महिने झालेली. तिनं तोंडावरचा रुमाल जरासा खाली केला.

"कधीपासून?" दुकानदारानं विचारलं.

"सकाळपासून चुणचुणतंय. फोड अजून आला नाही."

"शहाण्या आहात. लोक खपली धरल्यावर येतात आणि मलमाला नावं ठेवतात. दिवसातून पाच वेळा, पाच दिवस. लावण्याआधी हात धुवा, लावल्यावरही धुवा. पण मुळासकट जात नाही हं हे. विषाणू नसांमध्ये झोपून राहतो. ताप, ऊन, जागरण, काळजी, काहीतरी निमित्त झालं की उठतो."

"काळजीच असेल. घरी पाहुणा येतोय. जाऊबाईंचं बाळ, चार दिवसांचं."

दुकानदारानं चष्मा काढला. "मग खपली पडून कातडी कोरी होईपर्यंत बाळाचा पापा नाही. मोठ्यांना हा नुसता फोड असतो. एवढ्याशा जिवाच्या मात्र जिवावर बेतू शकतं."

तिनं मला पर्समध्ये पिनांच्या खाली ठेवलं. घरी सांगायचं कसं? नवी सून रोग घेऊन आली, असं म्हणायला माणसांना वेळ लागत नाही.

बाळ आलं. दवाखान्याचा वास असलेल्या दुपट्यात गुंडाळलेल्या त्याच्याकडे इतके हात झेपावले, की बाळच दमलं. ही मात्र दाराशी टॉवेल धरून उभी.

"घे ना गं!" जाऊबाई म्हणाल्या.

"नंतर घेते, ताई."

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "काहींना फोटोतलीच बाळं आवडतात."

दुसरी असती तर सर्दीची थाप मारून मोकळी झाली असती. हिला थापही वेळेवर सुचत नाही. ती बाळाचे कपडे उकळायची, वाळवायची, इस्त्री करायची आणि बाथरूमची कडी लावून मला लावायची. मी वेळेवर लागल्यामुळे फोड टाचणीच्या डोक्याएवढाच राहिला. शिवाय मान खाली घालून वावरणारी नवी सून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

तिसऱ्या सकाळी सासूबाई वरच्या ओठावर टूथपेस्टचा पांढरा ठिपका लावून आल्या. "उष्णता उठलीय. दरवर्षीचंच आहे," असं म्हणत त्या आंघोळ झालेल्या बाळावर वाकल्या.

तिनं पर्समध्ये हात घालून मला मुठीत धरलं.

"आई, थांबा!"

दोन महिन्यांत त्या घरानं तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता. सासूबाई दचकून उभ्या राहिल्या. "काय गं? झुरळ?"

तिनं मला टेबलावर ठेवलं. केस मागे घेतले. "माझ्या ओठावर फोड आहे. म्हणून मी बाळाला घेत नाही. तुमच्या ओठावर दिसतोय तोही तसलाच वाटतो. त्याचा पापा घेऊ नका. त्याच्या जिवाला धोका आहे."

जाऊबाईंनी बाळ घट्ट धरलं.

"धोका? माझा?" सासूबाई म्हणाल्या. "तीस वर्षं येतोय मला हा. माझ्या मुलांचे काय कमी पापे घेतले मी?"

"म्हणून दर परीक्षेला माझा ओठ सुजायचा होय!" पेपरामागून तिचा नवरा म्हणाला.

कुणीच हसलं नाही. सासूबाई खुर्चीत बसल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "काल मी त्याच्या कपाळाला ओठ लावले होते गं."

अर्ध्या तासात सगळे बालरोगतज्ज्ञांकडे होते. त्यांनी बाळाला नखशिखांत तपासलं. "आता काही दिसत नाही. पण दूध कमी प्यायला लागलं, मलूल झालं, ताप आला, अंगावर फोड दिसला, तर त्याच पावली या. मला फोनही करत बसू नका. काही आठवडे नीट लक्ष ठेवा."

घरी येताच सासूबाईंनी टूथपेस्ट पुसली, मला उचललं आणि माझं तोंड थेट ओठाला लावायला निघाल्या.

"आई, ही माझी! तुमची वेगळी आणते."

"सासूला मलमसुद्धा देत नाहीस?"

"मलम नाही, टॉवेल नाही, पेलाही नाही."

सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग हसायला गेल्या, आणि ओठ ताणला म्हणून कळवळल्या. संध्याकाळी माझी बहीण त्यांच्या शिवणाच्या डब्यात राहायला आली.

बाळ दूध पीत राहिलं, भोकाड पसरत राहिलं. पहिल्यांदाच त्या घरात रडण्याचं कौतुक झालं. दोघींच्या खपल्या पडल्या. डॉक्टरांनी आणखी दोनदा बाळाला तपासून मान डोलावली, तेव्हा सासूबाईंनी स्वतः त्याला धाकट्या सुनेच्या मांडीवर दिलं. "सांभाळ. हक्क तुझा आहे," एवढंच म्हणाल्या.

आता मी शेपटीपासून गुंडाळत गुंडाळत टोपणापाशी आलेय. एखाद्या वेळेपुरतं मलम उरलं असेल. मी विषाणू संपवला नाही, तसं वचनही दिलं नव्हतं. त्याचे दिवस कमी केले, माझं काम चोख झालं. तुमच्याकडे माझी भावंडं आली तर त्यांना लपवू नका. फोड येणं हा गुन्हा नाही. तो लपवून बाळाला जवळ घेणं मात्र घातक.

आत्ताच शेजारच्या काकू आल्यात. ओठांचा चंबू करून थेट बाळाकडे निघाल्यात. आणि सासूबाई दारातच आडव्या आल्यात.

"थांब. आधी खिडकीशी ये. उजेडात ओठ बघू दे."